चिनूला पूर्णगडला नेलं तेव्हा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या सांगलीच्या शाळेत दोनचार पालक मला हमखास गाठतात. "बाई, पोरांना कुठं न्यावं? दमली पाहिजेत, पण पडझड नको." पी.टी. शिकवणाऱ्या बाईला हे ठाऊक असणारच, असा त्यांचा समज. मी इतकी वर्षं डोळे मिटून पन्हाळा सांगत आले, कारण मुलं घेऊन मी स्वतः त्याच्यापुढे कधी गेलेच नव्हते. आता मात्र सांगायला जागा आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला पूर्णगड म्हणून गाव आहे, तिथं जा. किल्ला इतका लहान की मूल हरवत नाही. खाडी आहे, पलीकडे लांबलचक पुळण आहे, म्हणजे वाळूचा किनारा, आणि तिच्यामागे सुरूचं बन. माणसं पोरांवर ओरडत नाहीत. भाकरी तांदळाची मिळेल, ज्वारीची विसरा.

एवढ्यावर थांबले असते तरी पालकांचं काम झालं असतं. पण मी तिथं का गेले ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहवत नाही.

माझा भाऊ गेल्यावर त्याच्या घरात आम्ही तिघी उरलो. वहिनी, तिची आठ वर्षांची मुलगी चिनू, आणि चिनूची बिनलग्नाची आत्या, म्हणजे मी. तिघींचं बरं चाललं होतं. भांडायचो, पण रात्री एकाच ओळीत गाद्या घालायचो. गेल्या वर्षी वहिनीला नाशिकचं स्थळ आलं. विधुर गृहस्थ, सरकारी नोकरी, बोलणं मऊ, घरी आले तेव्हा चिनूसाठी रंगपेट्या आणलेल्या. नाव ठेवायला मी पुष्कळ जागा शोधली, सापडली नाही, याचाच मला जास्त राग आला. तरी वहिनीला हो म्हण म्हणून सांगणारी मीच. तिचं वय काय, तिनं का म्हणून उभा जन्म माझ्याबरोबर वांगी निवडत काढायचा?

वहिनीच्या आईनं एकच धरून ठेवलं, "आईचं लगीन पोरीनं बघू नये. बरं नसतं ते." मग ठरलं ते असं. तुळशीची लग्नं उरकली की रजिस्टर लग्न, आणि तेवढे दिवस आत्यानं चिनूला कुठंतरी फिरवून आणायचं. मला लग्नाचं आमंत्रण नव्हतं. पहिल्या नवऱ्याची बहीण तिथं कशी शोभणार, ते मलाही कळत होतं.

आणखी एक होतं. चिनूला यातलं काहीच माहीत नव्हतं. वहिनी दोनदा सांगायला बसली आणि दोनदा उठून गेली. निघायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, तुम्हीच सांगा. तुमचं ऐकते ती. परत याल तेव्हा तिला ठाऊक असू दे, आणि तिनं माझ्यावर रुसू नये एवढं बघा." पाहुण्याच्या हातून साप मारून घेणं म्हणतात ते हेच. पण मी पाहुणीसुद्धा नव्हते. मी हो म्हणाले.

आंबा घाट

एसटीत चिनूला खिडकी दिली. मलकापूर सोडलं तशी हवा गार झाली आणि चिनूबाई गाऊ लागल्या. घाटात गाडी थांबली, लोक पाय मोकळे करायला उतरले, आम्हीही उतरलो. मी पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि चिनूला मोठ्या आवाजात समजावू लागले की माकडं दिसली तर खाऊ हातात धरायचा नाही, पळायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तेवढ्यात माझ्याच हातातला पुडा गेला. माकड समोरच्या कठड्यावर बसून शेंगदाणे तेवढे वेचून खात होतं. चिनू पोट धरून हसली. "आत्या, त्याला शिट्टी वाजव ना!"

शिट्टी माझ्या गळ्यात असते. सुट्टीतही असते. काढली की मान उघडी वाटते.

घाट उतरताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. साखरपा गेलं, पाली गेलं, माती लाल होत गेली. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. 'चिनू, एक गंमत सांगू?' छे, ही काय गंमत आहे? 'चिनू, तू आता मोठी झालीस.' हे तर मलाच लहानपणी कुणी म्हणालं की पुढं हमखास काहीतरी काढून घेतलं जायचं. रत्नागिरी येईपर्यंत एकही वाक्य पसंत पडलं नाही.

जुबेदाचं घर

जुबेदा माझी कोल्हापूरची बी.पी.एड.ची मैत्रीण. रिलेमध्ये मी तिच्या हातात दांडी द्यायची आणि ती पळत सुटायची. लग्न होऊन पूर्णगडला आली ती इथलीच झाली. नवरा कुवेतला, घरी ती आणि मुलगी सना, चिनूच्याच वयाची. चिऱ्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण, आत कुवेतहून आलेला भलाथोरला फ्रीज, त्यावर क्रोशाचं झाकण.

"अगो मंगल, शिट्टी घालून आलीस? शाळा भरवायची हाय काय हितं?" तिनं दारातच माझी खोड काढली. चौदा वर्षांनी भेटत होतो, आणि पहिलं वाक्य हे. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरले. मी प्रवासाच्या धुळीवर ढकललं.

सना आणि चिनूनं एकमेकींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सनानं विचारलं, "तुला पोवता येता?" चिनू म्हणाली, "नाही, पण मला कार्टव्हील येतं." सौदा पटला. तासाभरात दोघींच्या गुडघ्यांना एकाच रंगाची माती लागली.

आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर पोरांना नदीची भीती घालूनच वाढवतात. पायरीच्या खाली उतरलास तर तंगडं मोडीन, अशी भाषा. इथं पोरांना पाणी भिववत नाही, पण त्यांना पाण्याची शिस्त ठाऊक असते. सना मला सांगत होती, "आत्या, पाणी परत फिरला की आमी निगतो. कोन बोलवत नाय." शिट्टी मारून पोरं गोळा करण्यात जन्म गेलेल्या मला हे ऐकून थोडा हेवाच वाटला.

किल्ला

दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस खाऊन किल्ल्यावर गेलो. पालकांनो, चढ बेताचा आहे, पाच वर्षांचं मूलही कुरकुर न करता चढेल. तटावर मात्र समुद्राच्या बाजूला हात धरा. आत मोकळं मैदान आहे. तिथं चिऱ्याच्या लाल कपच्या रचून मी लगोरीचा डाव मांडला. आणखी चार पोरं कुठूनशी उगवली. दोन संघ पाडले, हद्द आखली, डोक्यावर चेंडू मारायचा नाही हा नियम दोनदा वदवून घेतला. सगळं अगदी शाळेसारखं चाललं होतं आणि त्यामुळेच मला उगाच पोरकं वाटत होतं. शाळेत डाव संपला की पोरं घरी जातात आणि मी कुलूप लावते.

मागच्या लहान दरवाज्यातून बाहेर पडलं की एकदम समुद्र. खाली मुचकुंदी नदी समुद्राला येऊन मिळते तिथं पाण्याचे दोन रंग दिसतात. मी तिथं उभी असताना चिनू धापा टाकत आली, माझ्या कमरेला टेकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आईला हे दाखवायला पाहिजे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तिला आणू. आपण तिघी येऊ."

याच्यापेक्षा चांगली वेळ कोण आणून देणार होतं? वारा होता, आसपास कुणी नव्हतं, विषय तिनंच काढला होता. मी तोंड उघडलं. आणि शिट्टी वाजवली. "चला, पुढचा डाव!" खाली वाटेनं जाणारे दोन म्हातारे दचकून वर बघू लागले. चिनू पळाली. मी मात्र तिथंच उभी राहिले.

खाडी

पुनवेचे दिवस असल्यानं संध्याकाळी ओहोटी खूप आत गेली. बायका टोपल्या घेऊन खाडीत उतरल्या, पोरंही मागोमाग. चिखलात मुळे शोधायचे, म्हणजे शिंपल्या. चिखलावर बारीक भोकं दिसतात, तिथं बोटानं किंवा खुरप्यानं उकरायचं. मुलांना याच्याइतका सुरक्षित आणि याच्याइतका मळवणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही. फक्त गावच्या माणसाबरोबर जा आणि पाणी घोट्याला लागलं की निघा. चपला काठावर काढा, हे मी सांगते कारण मी काढल्या नाहीत. माझी उजवी चप्पल आजही मुचकुंदीच्या पोटात आहे. ती ओढायला गेले आणि बसले. बसले ती कमरेपर्यंत. दोन बायकांनी दोन हात धरून मला मुळ्यासारखं उपटलं. चिनू इतकी हसली की तिला उचकी लागली.

ती हसत होती आणि मला वाटत होतं, ही उचकी आता नाशिकला लागेल आणि पाणी दुसरंच कुणी देईल.

घरी येऊन जुबेदा आणि मी मागच्या पडवीत मुळे धुवायला बसलो. पोरी पुढच्या अंगणात होत्या. जुबेदानं वर न बघता विचारलं, "सांगितलंस?"

"नाही."

"लगीन कदी?"

"उद्या सकाळी."

तिनं धुतलेल्या शिंपल्या टोपलीत ओतल्या. मग म्हणाली, "सनाचा बाप पैल्यांदा कुवेतला परत गेला ना, तवा तिला झोपलेली ठेवून गेला. रडंल म्हनून. त्याच्यामागं ही म्हैनाभर दारात बसायची. कोन आला की उठायची. तवापास्नं आमी ठरवलं, जानाऱ्याला हिनं एसटीपरेंत पोचवायचं. पिशवी हिनंच उचलायची. रडते, पन परत येऊन जेवते."

"आणि तू?"

"मी?" ती हसली. "मी जेवन करते ना. मला बसायला दार खंय मोकला हाय?"

तेव्हा मला कळलं की मी चिनूला दारात बसवून ठेवायला निघाले होते, आणि तेही तिला जपते असं स्वतःला सांगून. खरं म्हणजे मी मलाच जपत होते. तिला सांगितलं की आमचं तिघींचं घर संपणार, आणि न सांगता ते आणखी एक दिवस टिकत होतं. मुळ्यांचं सुकं फार सुरेख झालं होतं, ओलं खोबरं आणि कोकम घातलेलं. चिनूनं तीन भाकरी खाल्ल्या. मला एक गेली नाही.

सुरूचं बन

सकाळी होडीतून खाडी ओलांडून पलीकडे गावखडीच्या पुळणीवर गेलो. जुबेदा आणि सना पुढे, मी आणि चिनू मागे. सुरूच्या बनात खाली सुयांसारख्या पानांचा थर असतो, पावलांचा आवाज होत नाही. मी जुळवलेली सगळी वाक्यं सोडून दिली.

"चिनू, आज आईचं लग्न आहे."

ती चालत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही.

"कुणाशी?"

"रंगपेट्या घेऊन आले होते ना, त्या काकांशी."

"आत्ता?"

"आत्ता. होत असेल."

ती थांबली. "मग मला का नाही नेलं?"

"मोठ्या माणसांना वाटतं की आईचं लग्न मुलीनं बघू नये."

"मी दंगा केला असता?"

"नाही गं. तू काही केलं नव्हतंस."

"तुला पण नाही नेलं?"

"मला पण नाही."

तिनं यावर विचार केला. पी.टी.च्या बाईच्या घरात वाढलेली मुलगी ती. म्हणाली, "म्हणजे आपण दोघी आऊट?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मग बाकीचं सांगितलं. नाशिकला जायचं, नवी शाळा, काकांचं घर, गच्ची आहे म्हणे. आईला स्वतःच सांगायचं होतं, पण तिला रडू यायचं, म्हणून मला पाठवलं. आई तिला टाकून कुठंही जाणार नाही, हे मी दोनदा सांगितलं.

"आणि तू?"

"मी सांगलीत."

"आपल्या घरात? एकटी?"

"शाळा आहे ना मला."

ती रडली नाही. वाकून एक सुरूचं फळ उचललं, फेकलं, दुसरं उचललं, फेकलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तिनं खांदे असे आवळले होते की मी हात मागे घेतला. इतकी वर्षं मुलांबरोबर काढून मला त्या क्षणी काहीही करता येईना. मी नुसती तिच्या बाजूला उभी राहिले. बनाबाहेरून माणसांचा एकसुरी आवाज येत होता. सना पळत परत आली आणि ओरडली, "चिनू, रापण लागली, चल! दोर धरला तर आपल्याला पन वाटा!"

चिनू तिच्यामागे गेली.

रापण

रापण म्हणजे मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्ध्या वर्तुळात सोडतात आणि दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग गाव दोन रांगांत उभं राहून ओढतं. म्हातारे, बायका, पोरं, कुणीही. रांग मागे मागे सरकते, शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याकडे पहिल्या जागी येतो. मी आयुष्यभर रस्सीखेच घेतली, पण तिथं एक बाजू हरते. इथं दोन्ही रांगा एकाच बाजूच्या. पालकांनो, मुलांना यात घाला. फक्त दोर ओला आणि खरखरीत असतो, हाताला रुमाल गुंडाळा.

चिनूनं रुमाल घेतला नाही. सनाच्या मागे उभी राहून ती दात-ओठ खाऊन ओढत होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि आता ती रडत होती. दोर ओढताना सगळ्यांचीच तोंडं वेडीवाकडी होतात, कुणाचं लक्ष गेलं नाही. मी तिच्या मागे दोर धरला. शिट्टीला हात लावला नाही. आम्ही मागे जायचो, सोडायचो, पुन्हा पाण्याशी यायचो. हळूहळू तिचं रडणं थांबलं आणि ती बाकीच्यांच्या सुरात ओरडू लागली.

जाळं वर आलं. आत बांगडे होते, तारल्या होत्या, चांदीचा नुसता खच. मोठी मासळी रापणीच्या मालकांनी टोपल्यांत भरली. मग डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी दोर ओढणाऱ्यांना वाटे घालू लागली. सगळे तिला मावशी म्हणत होते. इथली रीत अशी की दोराला हात लावणारा रिकाम्या हातानं जात नाही, पण वाटा घरटी एक. एका घरचे चौघं ओढोत की एक. जुबेदा आणि सनापुढे एक ढीग पडला. मग मावशी आमच्यापाशी आली.

"जुबेदाच्या पावन्या ना तुमी? घ्या." तिनं एक वाटा वाळूत टाकला.

"दोन पाहिजेत," चिनू म्हणाली.

"दोन कशाला गो? आई नि लेक, घर येक."

"ही आई नाही, आत्या आहे. तिचं घर वेगळं आहे."

चिनू अगदी सरळ उभी होती, तळवे लाल, वेण्या सुटलेल्या. खेळाचा नियम समजावून सांगावा तशी ती मावशीला सांगत होती. "आमच्या घरात आई, मी आणि ते काका आहेत. आत्याच्या घरात आत्या एकटीच आहे. म्हणून दोन. पण तिला थोडे दिले तरी चालतील."

वहिनीनं सोपवलेलं काम झालं होतं. चिनू रुसली नव्हती, तिनं मनातल्या मनात नवं घर मांडलं होतं, त्यात माणसंही बसवली होती. मला आनंद व्हायला हवा होता, आणि खरं सांगते, झालाही. पण इतकी वर्षं कुणी मला एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं, की मी एकटी आहे.

मावशीनं चिनूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टोपलीत दोन्ही हात घालून तिनं बांगडे काढले आणि पहिल्या ढिगाशेजारी तेवढाच दुसरा ढीग घातला. पुन्हा वाकून दोन तारल्या त्यावर टाकल्या, दोन्ही सारखे दिसेपर्यंत.

"थोडं नाय नि जास्त नाय," ती चिनूला म्हणाली. "आमी घरां मोजतो. घरातली माणसां नाय मोजीत."

चिनूनं दोन्ही ढीग नीट पाहिले. तिला ते पटलं असावं. फ्रॉकचा घोळ धरून तिनं आपल्या घरचे मासे भरले आणि सनाकडे दाखवायला पळाली. माझे तसेच वाळूत पडले होते. मी त्यांच्याकडे बघत उभी होते. पलीकडे पुढच्या घराचा वाटा पडला होता आणि मावशीला घाई होती.

"अगो बाय, उचल की," ती म्हणाली. "तुज्या घरचं हायत."

मी ओढणी पसरली आणि खाली बसले.